मथीचं वळण

शेवरखारचा बांध उगवतीकडून निघतो आणि मैलभर सरळ येतो. एका हाताला खाडी, एका हाताला भाताची खाचरं, मधून बैलगाडी जाईल एवढा रुंद मातीचा बांध. जुन्या लोकांनी दोरी लावून घातल्यासारखा तो सरळ आहे. पण उघाडीपाशी, म्हणजे खाचरातलं पाणी खाडीत सोडायच्या दरवाजापाशी आला की तो एकदम कोपरातून हात मुडपावा तसा बाहेर वळतो, एका लहानशा तळ्याला वळसा घालतो आणि मग पुन्हा आपल्या वाटेला लागतो. बांध बघायला येणारे इंजिनियर लोक विचारतात, की हा वळसा कशाला? सरळ घेतला असता तर अर्धी माती वाचली असती, भरतीचा माराही कमी बसला असता. गावातले दामाआजा म्हात्रे त्यांना बांधावर बसवतात, पाणी देतात आणि सांगतात, की अक्कल आमच्या वाडवडलांनाही होती. बांध आधी सरळच होता. तो वाकडा केला, आणि त्यापायी एक अख्खं पीक आणि अकरा घरं गमावली. का, ते असं सांगतात.

फार पूर्वी या गावात पोशा नावाचा एक गाणारा होता. त्याची बायको मथी. दोघं मिळून गात. त्यांची गाणी देवाची नव्हती की लग्नातली नव्हती. ती हसवायची गाणी. पोशा ढोलकी घेऊन बसे आणि बायकोची टर उडवी. मथी झांज वाजवत त्याला उत्तर देई. तो म्हणे,

बायको माझी गोरी गो, गोरी गो,
भाकर भाजता काळी गो.

की लगेच ती,

नवरा माझा वाघ गो, वाघ गो,
मांजर दिसता माळ्यावर गो.

माणसं हसून बेजार होत. पोशा चांगला होता, पण मथी त्याच्याहून सवाई, हे पोशासकट सगळ्या गावाला ठाऊक होतं. नऊ वर्षांच्या संसारात मथी उत्तराला कधी अडली नाही. तिचं उत्तर ऐकायला मिळावं म्हणूनच पोशा तिला डिवचत असे. तिच्यासाठी तो गाण्यात एक ठेका रिकामा सोडी. तेवढ्यात तिला सुचलेलं असेच.

ही दोघं गावाला हवी असत ती बांधाच्या कामाला. खारपट्ट्यातलं ते काम फार जिवावरचं. ओहोटीच्या चार घटकांत खाडीतला चिखल काढायचा, त्याचे गोळे माणसांच्या रांगेतून हातोहात पुढे द्यायचे, बांधावर टाकायचे, तुडवायचे. भरती यायच्या आत झालं तर झालं, नाहीतर केलेलं सगळं पाण्यात. रांगेत एकाचा जरी हात चुकला तरी गोळा पडतो, रांग मोडते. म्हणून ठेका लागतो. पोशा बांधावर बसून ठेका धरी, आणि मथी रांगेत चिखल उचलता उचलता उत्तरं देई. हसणाऱ्या माणसाला गोळ्याचं वजन कळत नाही, असं पोशा म्हणायचा.

एका वर्षी आश्विनातल्या उधाणाला बांध फुटला. नेमका उघाडीपाशी. पीक कापायला आलेलं. एका भरतीत खारं पाणी सगळ्या खाचरांत शिरलं. बांध लवकर बांधला नाही तर जमीन तीन-चार वर्षं मिठासारखी पडून राहणार आणि गाव उठणार, हे लहान पोरालाही समजत होतं. कार्तिकात गावाने भगदाड बुजवलं. ते आठ दिवस टिकलं. मार्गशीर्षात पुन्हा बुजवलं. ते तिसऱ्या दिवशी गेलं. मग भगताच्या अंगात आलं. खाडीने आधी कोंबडं मागितलं होतं, ते दिलं होतं. आता तिला सवाष्ण बाई पाहिजे, असं भगत म्हणाला.

कुणी हो म्हटलं नाही आणि कुणी नाहीही म्हटलं नाही. पण त्या दिवसापासून बायका पाण्याला जाताना दोघीतिघींनी जाऊ लागल्या. नवरे बायकांच्या डोळ्याला डोळा देईनात. पौषातली अष्टमी जवळ आली. अष्टमीला भांग असते, म्हणजे भरती सगळ्यात कमी चढते, आणि बांध बांधायचा तर तेव्हाच. गावचा राघो पाटील घरोघर फिरला. पण रांगेत आपली बायको पाठवायला कोणी राजी होईना. आणि बायकांवाचून रांग अर्धीच.

तेव्हा पोशा मथीला म्हणाला, म्हणे, की ही भीती आहे तोवर बांध उभा राहणार नाही. भीती घालवायची तर तिच्यावरच गाणं करायला हवं. मथीने चुलीवरचा भात उतरवला आणि म्हणाली, "मग माझ्यावरच कर. दुसरीचं नाव घेशील तर तिचा घोव तुना मारील."

अष्टमीला भर दुपारी ओहोटी लागली. पोशाच्या शब्दावर बायका बांधापर्यंत आल्या खऱ्या, पण चिखलात उतरेनात. पोशा ढोलकी घेऊन बांधाच्या टोकाला उभा राहिला आणि खाडीकडे तोंड करून त्याने सुरू केलं,

खाडीबाय गो खाडीबाय, भूक लागली तुना काय?
माझे घरची घेऊन जाय, अर्धी हांडी रोज खाय.
चार दिसांनी आनून देशील,
वर टोपलीभर मासळी देशील!

मग मथी कासोटा मारून एकटी चिखलात उतरली, कमरेवर हात ठेवून तीही खाडीकडे वळली,

खाडीबाय गो खाडीबाय, याचं ऐकू नको बाय,
मी येते तुझे घरी, याचा भात तू रांधशील काय?

पहिल्यांदा देवकी हसली. ही मथीची शेजारीण. मग तिची सासू हसली, मग पाटील, मग सगळा बांध हसला. दोन महिने गावात कोणी हसलं नव्हतं. ते सगळं हसू त्या दुपारी बाहेर आलं. बायका उतरल्या, रांग लागली, गोळे चालू झाले. असं काम त्या बांधावर आधी कधी झालं नव्हतं. दोन्ही बाजूंनी बांध वाढत वाढत आला आणि मध्ये दोन हातांचं भगदाड उरलं. त्यात उभं राहून चिखल पायांनी तुडवायला हलकं माणूस लागतं, जड माणूस रुततं. मथी हलकी होती. ती आत उतरली. तिच्या पाठीशी देवकी, मग बाकीची रांग. पोशा वर, भगदाडाला पाठमोरा, रांगेकडे तोंड करून वाजवत होता. रांगेला त्याचे हात दिसायला हवे होते.

ओल्या बांधाची एक कड मागून खचली. मथी आधी कमरेपर्यंत गेली, मग छातीपर्यंत. पोशाने नुकतीच 'घेऊन जाय' ही ओळ म्हटली होती आणि तिच्यासाठी ठेका सोडला होता. त्या रिकाम्या ठेक्यात तिची हाक आली.

"धरा मना."

रांग हसली. देवकीही हसली. तिच्या हातात गोळा होता, तो तिने ठेक्यावर पुढे टाकला. आणि पोशाने, मागे न बघता, उत्तर दिलं,

धरू कशाला गो, धरू कशाला?
खाडीबाय आली न्यायाला!

पुन्हा हाक आली. पुन्हा सगळे हसले. गोळे येत राहिले, पडत राहिले. पोशाने तिसऱ्यांदा ठेका सोडला. या वेळी काहीच आलं नाही. त्याने अजून एक ठेका सोडला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. रांगेतून कोणीतरी म्हणालं, "आज मथी हरली," आणि पोशालाही, खोटं कशाला सांगा, क्षणभर बरं वाटलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा तो जिंकला होता.

मग देवकी ओरडली.

पोशाने वळून पाहिलं तेव्हा भगदाड नव्हतं. चिखल होता, सपाट. तो ढोलकी टाकून खाली आला आणि हातांनी उकरू लागला. देवकी उकरत होती, आणखी दोघंतिघं उकरत होते. हातभर खोल गेले तोच खाडीकडून पाणी झिरपायला लागलं. भरती फिरली होती. राघो पाटलाने पाणी पाहिलं, आकाशाकडे पाहिलं आणि सांगितलं की माणसं मागे घ्या, आता हे उघडलं तर सगळं जाईल. चार जणांनी पोशाला उचललं आणि बांधावर दाबून धरलं. उरलेल्यांनी खड्डा बुजवला. ठेक्यावाचून बुजवला, असं सांगतात. तेवढी एकच वेळ त्या बांधावर ठेक्यावाचून काम झालं.

भरती आली. बांध टिकला. पौर्णिमेचं उधाण आलं, तेही बांधाने परतवलं.

आता माणसाचं मन कसं असतं बघा. पहिले आठ दिवस गाव तोंड लपवून होता. मग भगत म्हणाला, की खाडी तृप्त झाली. मग कुणीतरी म्हणालं, मथी स्वतः बोललीच होती ना, 'मी येते तुझे घरी'. मग कुणाला आठवलं, की तिने जाताना हात जोडले होते. फाल्गुन लागेपर्यंत गावात एकच गोष्ट उरली: मथीने गावासाठी आपणहून उडी घेतली. कोणी बुडवली नाही, कोणी हसलं नाही. बायका त्या जागी हळदकुंकू वाहू लागल्या. तिच्यावर पाषाण बसवायचा, चैत्री पौर्णिमेला, असं ठरलं.

पोशा पौषापासून कोणाशी बोलला नव्हता. देवकी दारात भात ठेवून जाई. कधी तो खाई, कधी कुत्री. ढोलकीला बुरशी आली होती. पाटील त्याच्याकडे आला तो पागोटं काढून, खाली बसला. पाटील वाईट माणूस नव्हता. त्याच्या खांद्यावर साठ उंबरे होते. तो म्हणाला, मथी आता गावाची आई झाली, तिच्या त्यागाचं गाणं तूच करायला पाहिजेस, दुसऱ्याच्या तोंडी ते शोभायचं नाही. पोशाने ढोलकी ओढून तिच्यावरची बुरशी पुसली. मग म्हणाला, "गानं करीन. पन ते हसवायचंच होईल. मना दुसरं येत नाय."

पाटलाने पागोटं उचललं. तो बरं म्हणून उठला.

चैत्री पौर्णिमेला सकाळी सगळा गाव बांधावर जमला. पाषाण बैलगाडीतून आणला होता, त्याला शेंदूर लावून ठेवला होता. पोशा आला तो अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून. गळ्यात ढोलकी. कमरेला मथीची झांज बांधलेली. त्याने ठेका धरला, आणि तो जुना ठेका ऐकून माणसांना बरं वाटलं. सुरुवात त्याने भगतापासून केली,

खाडी बोलली कोंबडं पायजे, कोंबडं पायजे,
कोंबडं भगताचे हांडीत गेलं.
हांडी भरली, खाडी उपाशी,
आता बोलते बाय पायजे!

हसू फुटलं. भगतही कसंनुसं हसला. मग पोशा स्वतःकडे वळला. 'गाण्यात पहिला पोशा गो, बायको बुडता ठेका धरतो', असं त्याने म्हटलं, आणि निम्मी माणसं हसता हसता थांबली. मग त्याने रांगेतल्या एकेकाचं नाव घेतलं. कोणी कसा गोळा टाकला, कोण कसं पोट धरून हसलं, आज मथी हरली असं कोण म्हणालं, ते सगळं त्याच चालीवर, त्याच खोडकर ठेक्यात. देवकीचंही नाव घेतलं. आवाज कुठे चढवला नाही. आणि शेवटी,

पोशाला धराया चार जन गो, चार जन,
मथीला धराया कोन नाय.

एवढं म्हणून त्याने ठेका सोडला, आणि त्या रिकाम्या जागेत बायकोच्या आवाजात हाक मारली. "धरा मना." हुबेहूब तिचा आवाज. नऊ वर्षं त्याने तो शेजारी बसून ऐकलेला होता. बायकांनी पदर तोंडात धरले. त्याने पुन्हा ठेका धरला, पुन्हा सोडला, पुन्हा हाक मारली. कोणी हललं नाही. तिसऱ्यांदा त्याने ठेका सोडला आणि काहीच म्हटलं नाही. ढोलकीवर हात तसाच ठेवून तो उभा राहिला. खाडीचं पाणी बांधाला लागत होतं तेवढाच आवाज.

तेव्हा देवकी पुढे आली. पाषाणासाठी खड्डा काढायला आणलेलं फावडं गाडीला टेकून उभं होतं, ते तिने उचललं आणि बांधावर घाव घातला. पाटील धावला. आज पौर्णिमा आहे, उधाण आज आणि उद्या आहे, बांध फोडलास तर रानात पुन्हा खाडी शिरेल, पोरंबाळं काय खातील, असं त्याने तिला सांगितलं. ते सगळं खरंच होतं.

देवकी खणत राहिली. म्हणाली, "या बांधाचे आतलं भात आपन खायचं कसं, ते सांग पाटला. तिचे डोक्यावर पाय देऊन पिकवायचं, आनि शिजवून खायचं?"

पाटलाने दुसरं फावडं घेतलं. मग एकेक करत बाकीचे आले. ज्या चौघांनी पोशाला धरलं होतं ते चौघं शेवटी आले, पण आले.

मथी सापडली ती उभी. खाडीचा चिखल माणसाला लवकर सोडत नाही. कालची असावी तशी होती म्हणे. उजवा हात डोक्याच्या वर होता आणि पंजा उघडा. पोशा खड्ड्यात उतरला. त्याने तो हात धरला. वरचे लोक हात द्यायला वाकले होते, पण तो कितीतरी वेळ तसाच उभा होता, आणि त्याला कोणी चल म्हटलं नाही.

तिला बांधावरच अग्नी दिला. चिता विझायच्या आत उधाण चढलं आणि उघड्या बांधातून आत आलं. या वेळी कोणी अडवायला गेलं नाही. त्या वर्षी शेवरखारात एक दाणा पिकला नाही. अकरा घरं गाव सोडून गेली, काही वरच्या डोंगराकडे, काही मिठागरांवर मजुरीला. त्यांतलं परत कोणी आलं नाही. भगतही गेला. पाटील राहिला, आणि पुढल्या पौषात त्यानेच नवा बांध आखला. मथीची जागा आत मोकळी सोडून तो बाहेरून वळवला. ती जागा पुढे पाण्याने भरली, तेच हे तळं. शेंदराचा पाषाण तळ्याच्या तळाशी पडून आहे असं म्हणतात. कोणी काढायला गेलं नाही.

नव्या बांधाला ठेका कोणी धरायचा हा प्रश्न आला तेव्हा पोशा आपणहून ढोलकी घेऊन आला. माणसांना वाटलं आता हा कसं हसवणार. पण त्याने हसवलं. पाटलाची टर उडवली, स्वतःची उडवली, आणि गोळे हलके केले. मात्र तो आता पाठमोरा उभा राहत नसे. भगदाडाच्या तोंडाशी, चिखलातल्या माणसासमोर बसून वाजवी. पुढे वीसेक वर्षं तो खाडीकाठच्या बांधाबांधांवर असा गात फिरला. इतक्या लोकांनी त्याचं गाणं ऐकलं, पण तो स्वतः हसलेला कुणी पाहिल्याचं सांगत नाहीत. मथीच्या उत्तराचा ठेका त्याने शेवटपर्यंत रिकामाच सोडला. दुसऱ्या कोणी तिथे उत्तर द्यायचा प्रयत्न केला तर तो वाजवणं थांबवी.

आजही पौषातल्या अष्टमीला शेवरखारात बांधाची डागडुजी निघते. आता चिखल मशीन काढतं, रांगेची तशी गरज नाही. तरी वळणापाशी आलं की बायाबाप्ये रांग लावतात. गावातला कोणी गाणारा ढोलकी घेतो आणि सरपंचाची, तलाठ्याची, मशीनवाल्याची, आपल्या बायकोची यथेच्छ चेष्टा करतो. मग मध्येच ठेका सोडून म्हणतो, "धरा मना." त्या क्षणी रांगेतला प्रत्येक जण हातातला गोळा टाकतो आणि शेजारच्याचं मनगट धरतो. भांडण असलेले भाऊही धरतात. दोन ठेक्यांएवढा वेळ सगळे तसेच उभे राहतात. कोणी हसत नाही.

गेल्या वर्षी मशीनवर एक परगावचा गडी होता. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. गाणं ऐकून तो मोठ्याने हसत होता आणि हाक आली तरी हसतच राहिला. त्याच्यावर कोणी रागावलं नाही. त्याच्या बाजूला दामाआजांची बहीण उभी होती, ऐंशीची म्हातारी. तिने चिखलाने भरलेला आपला हात वर केला, खाली लोंबणारं त्याचं मनगट धरलं आणि घट्ट धरून ठेवलं. गड्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग दुसऱ्या हाताने त्याने मशीन बंद केलं.